चढावर जड जाणारी सायकल

हेब्बाळच्या तळ्यामागच्या गल्लीत देवाप्पाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दारातूनच एक चढ सुरू होतो आणि वर पाण्याच्या टाकीपाशी संपतो. दुरुस्त केलेली सायकल त्या चढावर स्वतः चालवून बघितल्याशिवाय देवाप्पा गिऱ्हाइकाला देत नसे. सपाटीवर कुठलीही सायकल पळते. खोड कळते ती चढावर, असं त्याचं म्हणणं.

अलीकडे मात्र येईल ती सायकल त्याला जड लागत होती. कधी तो बेअरिंगला दोष देई, कधी चेनला. खोलायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा.

"सायकलीत काय बी न्हाई ओ," डबा घेऊन आलेली त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली. "तुमच्या छातीत हाय. झोपला की शिट्टी वाजती. दवाखान्याला चला."

"चढाला सगळेच धापा टाकतात," म्हणून त्यानं पाना उचलला.

दवाखान्याची त्याला भीती होती, आणि भीतीला कारण होतं. निपाणीकडून तो आला तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. ओतीव लोखंडावर वाळूचा मारा करायचं काम, तोंडाला नुसता रुमाल. शेजारच्या यंत्रावर गुंडो असे. पुढं गुंडोला धाप लागायला लागली, तेव्हा तो म्हणायचा, घरमालकानं जिन्याला पायरी वाढवली. शेवटी दवाखान्यात गेला, तर डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात वाळू बसलीय, ती निघत नाही. पुढची उगादी गुंडोनं बघितली नाही. देवाप्पानं कारखाना सोडला आणि दवाखान्याचा रस्ताही.

त्याच सकाळी प्रणिता सायकल घेऊन आली. जवळच्याच ऑफिसात कामाला, मूळची पुण्याची.

"काका, मागचा ब्रेक सारखा घासतोय. पेडल मारून मारून पाय गेले."

"चाक काढलं होतं काय मधी?"

"हो, गाडीच्या डिकीत घालायला."

"आणि चाक नसताना लीवर दाबला कुणी?"

प्रणिता हसली. "भाच्यानं. मजा वाटत होती त्याला."

"तरीच. मधी चकती न्हाई म्हटल्यावर पिस्टन येतात पुढं, आणि तिथंच बसतात. तेलाचा ब्रेक हा, तारेचा न्हवं. स्वल्प बस जरा."

सायकल स्टँडला लावून त्यानं मागचं चाक फिरवलं. अर्ध्या फेरीत थांबलं. घासण्याचा आवाज सलग येत होता, म्हणजे चकती वाकडी नव्हती. त्यानं चाक आणि पॅड काढले, पिस्टनच्या कडा पुसल्या, त्याच ब्रेकच्या तेलाचा थेंब लावला आणि प्लास्टिकच्या पट्टीनं दोन्ही पिस्टन सावकाश आत ढकलले. घाई केली की ते तिरके बसतात. सगळं जोडलं, कॅलिपरचे बोल्ट सैल केले, लीवर दाबून धरला आणि तसेच आवळले. मागं पांढरा कागद धरून बघितलं. चकतीच्या दोन्ही बाजूंना उजेड दिसला, म्हणजे ती कुठं घासत नव्हती.

मग सायकल चढावर घेतली. निम्म्यावर उतरला. हातात धरून परत आणली.

"अजून धरतोय."

पुन्हा सगळं खोललं. एकही टप्पा गाळला नाही. पुन्हा कागद धरला, पुन्हा उजेड दिसला. या वेळी निम्मा चढही झाला नाही. हँडलवर वाकून तो उभा राहिला. घशातून शिट्टी येत होती, ती खाली दुकानापर्यंत ऐकू गेली. कस्तुराबाई डबा धरून तशीच उभी.

"काका, द्या, मी बघते," म्हणून प्रणिता वर गेली आणि त्याच्या हातून सायकल घेतली. बसली, आणि टाकीपर्यंत गेली. उतरताना भरधाव आली.

"काका, लोण्यासारखी चालतेय! काही धरत नाहीये."

देवाप्पा एव्हाना खाली येऊन स्टुलावर बसला होता. "मधी कुठं उतरलीस?"

"नाही."

"उभं राहून पेडल मारलंस?"

"नाही ओ काका. आरामात गेले. का?"

"परत एकदा स्टँडला लाव."

तिनं लावली. त्यानं बसल्या जागेवरून बोटानं चाक ढकललं. चाक फिरत राहिलं. ब्रेकचा आवाज नव्हता. ऐकू येत होता तो त्याचाच श्वास. चाक पुरतं थांबेपर्यंत त्यानं वाट बघितली.

"सरी, ठीक हाय. ने," तो म्हणाला.

प्रणिता गेल्यावर कस्तुराबाईनं डबा उघडला. त्यानं हातानं बाजूला सारला.

"गुंडोनं पायऱ्या मोजल्या होत्या," तो म्हणाला. "मी होतो संगती. एक बी वाढली नव्हती."

कस्तुराबाईनं डबा बंद केला. देवाप्पा शटर ओढायला उठला, हात वर केला आणि तसाच थांबला. मग तिनंच शटर ओढलं आणि दोघं दवाखान्यासाठी ऑटो बघायला मोठ्या रस्त्याकडं निघाले.