खडीवरची चाल

होटगी स्टेशनवर आप्पांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. आई तिच्या माहेरच्या कन्नडात म्हणाली, "होगी बा." जाऊन ये. गाडी हलली तसे आप्पा चार पावलं बरोबर चालले आणि थांबले. दुपार होती. हैदराबादपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांचंही असंच झालं असेल.

आप्पा, माझे वडील, रेल्वेत कीमन होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासत, सैल झालेल्या ठोकत, रोज ठरलेला पल्ला पायी चालायचा, हे त्यांचं काम. मी सोलापुरात चित्रकला शिकले आणि हैदराबादच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत लागले. गावात अजून सांगतात, "ती कार्टून काढते." काढत नाही. दुसऱ्यानं काढलेल्या माणसाच्या आत मी कॉम्प्युटरवर सांगाडा बसवते. गुडघा कुठवर वाकेल, टाच टेकली की कंबर किती खाली जाईल, हे ठरवते. चित्रकला थोडी, फिटरचं काम बरंच, उरलेलं गणित.

माझा पहिला चालणारा म्हातारा मी फोनवर आप्पांना दाखवला.

"ह्ये तरंगतंय की," ते म्हणाले. "ह्याला वजनच न्हाय."

"मग काय करू?"

"खडीवर पाय टाकला की आदी खडी सरकती, मंग माणूस टेकतो. लई न्हाय, जराशी."

आईनं त्यांचा खडीवर चालतानाचा व्हिडिओ काढून पाठवला. आठवडाभर मी तो एकेक फ्रेम थांबवून बघितला आणि ती जराशी सरक म्हाताऱ्याच्या पायात घातली. तो चालायला लागला. स्टुडिओतले आमचे श्रीनिवास सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी ते चार वेळा बघितलं. पुढे तीच चाल एका हवालदाराला दिली, एका दुकानदाराला दिली. थोडी जड करून अस्वलालाही दिली. त्यालाही बसली.

मग आईचा फोन आला. "आप्पा पडले. डावी बाजू गेली."

सोलापूरच्या दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना धरून उभं केलं. त्यांनी पाऊल टाकलं. डावा चवडा फरशीवर घासत होता, कंबर वर उचलली जात होती, खांदा पडला होता. कुठल्या सांध्याला किती अंश द्यायचे ते माझ्या डोक्यात आपोआप येत गेलं. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी रडू यायची वाट बघितली. आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पा अडखळत म्हणाले, "माजं चालणं... हाय न्हवं तुज्याकडं? दाकव."

लॅपटॉप खाटेवर ठेवला. म्हातारा चालत राहिला. आप्पा बराच वेळ बघत होते.

"झ्याक चालायचो की मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "बंद कर आता."

परत गेल्यावर नव्या कामात अर्धांगवायू झालेला एक माणूस होता. सरांना घरचं माहीत होतं. त्यांनी जपूनच विचारलं, "बघून करायला काही मिळेल का?" महिन्याभरानं घरी आले तेव्हा आप्पा अंगणात काठी टेकत चालत होते आणि फोन माझ्या हातात होता. मी तो आत ठेवून आले. सरांना कळवलं, नाही मिळणार. मग तो माणूस अंदाजानं केला. काम बेताचंच झालं.

आता दोन-तीन महिन्यांनी जाते. संध्याकाळी आप्पा चौकातल्या हॉटेलात चहाला निघतात. पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागतो. पहिल्यांदा मी सारखी पुढे जाऊन थांबत होते.

"म्होरं पळू नगंस," ते म्हणाले. "संगं चाल."

बाहेर गेलेले लोक घराविषयी पुष्कळ लिहितात. मला तेवढं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत फारसं काहीच वाटलेलं नाही. फक्त त्या अर्ध्या तासात समोरच्याचा सांधा मोजायची सवय सुटते. घर म्हणायचं तर सध्या तेवढंच आहे. आम्ही पोचतो तोवर हॉटेलवाल्यानं दोघांपुरतं बाकडं रिकामं करून ठेवलेलं असतं.