सोंग नव्हते ते

"आजोबा, आजी सोंग करत नाहीत. त्यांना मेंदूत छोटा स्ट्रोक होऊन गेलाय." पुण्याच्या डॉक्टरीणबाई हे म्हणाल्या तेव्हा माझी बायको अनसूया शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. सोंग हा शब्द माझा होता.

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडणे. तिचे ना तोंड वाकडे झाले, ना हात लुळा पडला. एका सकाळी चक्कर आली, आणि तेव्हापासून कुणी समोर बोलू लागले की ती डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, "तोंड आधी हलतं, आवाज मागनं येतो. काय बी कळत न्हाई."

आम्ही डोंगरातल्या पासली गावचे. भोरच्या डॉक्टरांनी कान तपासले, चांगले. डोळे तपासले, तेही चांगले. दोन्ही मिळून जे काम करतात त्याचे काय, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही! "वय झालं" म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्याचा संताप अजून जात नाही. पण तिला खोटी त्यांनी ठरवले नाही. मी ठरवले.

विंझरला धाकट्या भावाकडे पुतण्याचा साखरपुडा होता. व्याही तिच्याशी बोलू लागले आणि हिने डोळे मिटले. मी भरल्या मांडवात ओरडलो, "बंद कर तुजं सोंग!"

"वहिनींच्या अंगात आलं काय?" मागून कुणीतरी म्हणाले. लोक हसले. मीही हसलो.

त्यानंतर ती कुणाच्याच कार्याला गेली नाही. गावात तिला सोंगाडी म्हणू लागले. मी ऐकून घेतले. शेवटी लेकीनेच तिला पुण्याला नेले, मीही सोबत गेलो. एमआरआय, म्हणजे मेंदूचा फोटो, काढला. दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून काढले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "दिसणं आणि ऐकू येणं मेंदू एकत्र जुळवतो. याला ऑडिओव्हिज्युअल इंटिग्रेशन म्हणतात. आजींची ती जुळणी बिघडलीय." समोरच्या डोंगरावर लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी दिसते, घाव मागून ऐकू येतो. तिला समोरचा माणूसच तसा लांब झाला होता. "डोळे मिटणं हा त्यांनीच शोधलेला उपाय. अडवू नका. शेजारी बसून बोला." पुन्हा स्ट्रोक येऊ नये म्हणून गोळ्या आहेत. जुळणी पूर्ण सुधारेलच असे नाही.

तुमच्या घरी कुणाला अचानक असे काही होऊ लागले, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आणि आधी त्या माणसावर विश्वास ठेवा.

मी घरी माफी मागितली. ती म्हणाली, "ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढंच सांगा."

पुतण्याच्या लग्नाला तीही आली. जेवणाआधी मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. भाऊ म्हणाला, "दादा, झालं गेलं. आता कशाला?"

"तुजं गेलं असंल. तिचं न्हाई."

मग मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, "ऐकलं म्या. माफ केलं, असं न्हाई म्हनले."

पदर खोचून ती उठली, आमटीची बादली घेतली आणि पंगतीत वाढायला गेली.