नाकात नळी घालून सुट्टी

नागपूरच्या त्या दवाखान्यात "पेशंटचे नातेवाईक कोण?" असं विचारलं की पँट घातलेला माणूस पुढं व्हायचा. मग त्यानं पेशंटला घोटभर पाणी पाजलेलं नसलं तरी चालायचं. माझ्या सासूला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घास गिळता येईना. हगणंमुतणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडं. पण दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी घरची देखभाल समजावून सांगणाऱ्या मॅडम आल्या आणि त्यांनी आत बोलावलं माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला. नवरा गाडी ठरवायला गेलेला, आणि मी बाहेर पिशव्या राखत उभी.

भासरे जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहेत. त्यांना सगळं समजतं, जन्मतःच. मान डोलावून बाहेर आले नि मोबाइल दाखवत म्हणाले, "टेन्शन घेऊ नोको. सगळं शूट केलं हाये." येताना वाटेत आपल्या क्वार्टरवर उतरून गेले. ड्युटी होती म्हणे.

आम्ही गावी, आंबागडला पोचलो. सासू खाटेवर, नाकात नळी, आणि नळीतून खायला द्यायचं कसं ते घरात कोणालाच माहीत नाही. भासऱ्यांकडून व्हिडिओ मागवला. नेटवर्कसाठी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढून पाहिला. मॅडमचं तोंड स्वच्छ दिसत होतं, लिपस्टिकसकट. हात कुठंच नाहीत. मागून भासऱ्यांचा आवाज, "हो मॅडम, समजलं मॅडम." वा रे शूटिंग!

दवाखान्यात फोन लावला. "सुट्टी झाली ना? मग वॉर्डाचा संबंध नाही. तुमच्या नातेवाइकांना सगळं सांगितलंय." म्हणजे मी कोण, शेजारीण? पेशंट गेटाबाहेर गेला की यांची देखभाल संपली. गावातल्या आशाताईला तर पेशंट घरी आल्याचं माझ्याच तोंडून कळलं. तिनं उपकेंद्रातल्या सिस्टरला घरी आणलं, आणि सिस्टरनं सिरिंज माझ्या हातात देऊन माझ्याकडून करून घेतलं. डोकं उंच ठेवायचं, पातळ पेज हळूहळू सोडायची, मागून पाणी द्यायचं. आणि तोंडानं काही म्हणजे काहीच नाही, श्वासनळीत गेलं तर जीव जाईल.

मग पाहायला येणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात डबा. "काहून वं, बुढी उपाशी मरून राहिली, अन् तू नळीनं पाणी देऊन राहिली?" मी जरा चुलीकडं वळले, तेवढ्यात एका चुलतसासूनं चमचाभर खीर तिच्या तोंडात कोंबली. सासूचे डोळे पांढरे झाले, ओठ काळे पडले. मी तिला कुशीवर वळवलं, बोट घालून खीर काढली, पाठ थोपटत राहिले. केव्हातरी तिचा श्वास परत सुरू झाला. चुलतसासू म्हणे, "मी तं मायेनं देल्ली बापा." "चुलीत घाला ते माया," म्हणत मी सगळ्यांना अंगणात हाकललं.

मग सासूच्या कानाशी बसून म्हटलं, "मामीजी, तुम्हाले बोलता येत नाही, पण दात आवळता येते. मी 'घ्या' म्हणीन तेव्हाच तोंड उघडाचं. देव चमचा घेऊन आला तरी नाही." तिनं डाव्या हातानं माझा हात दाबला.

महिन्यानं तपासणीला गेलो. भासरे इस्त्रीचा शर्ट घालून हजर. डॉक्टर म्हणाले, गिळता आलं तर आज नळी काढू. "नातेवाईक कोण? या." भासरे पुढं झाले, मी पिशव्या घेऊन दारात.

डॉक्टरांनी चमच्यात पाणी घेतलं. सासूनं दात आवळले. "आ करा, आजी." नाही. भासरे वाकून म्हणाले, "माय, उघड ना तोंड. मी हावो ना!" तिनं आणखीच आवळले. डॉक्टर वैतागले. "सहकार्यच करत नाहीत. राहू द्या नळी."

मी पिशव्या तिथंच टाकल्या, आत शिरले आणि त्यांच्या हातातला चमचा घेतला.

"घ्या, मामीजी."

तिनं तोंड उघडलं. पाणी खाली गेलं, ठसका नाही. मग दुसरा चमचा, तिसरा.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

"जिले सांगाचं राहून गेलं होतं ना तुमचं," मी म्हटलं, "ते मी."