ओब्दुलियासाठी बदललेला शेवट

ओब्दुलिया माझ्या शेजारी बसून तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायची. तिचा एकुलता एक पोरगा निकासियो समुद्रातून स्पंज काढणाऱ्या बोटीवर गेला आणि वादळात सापडला. बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, पोर काही लागलं नाही. त्याच्या नावानं मिस्सा सांग, चर्चमध्ये मेलेल्यांसाठी करतात ती प्रार्थना, असं कुणी म्हटलं, की ती अंगावर धावून जायची.

आमच्या चिरुटांच्या कारखान्यात हात पानांत आणि कान पुस्तकात. उंच खुर्चीवर बसून एव्हारिस्तो रोज आम्हाला कादंबरी वाचून दाखवायचा. कुठली वाचायची ते आम्ही बायका मतं टाकून ठरवायचो. त्या खेपेला जी निवडली तिच्यात समुद्रात गेलेल्या मुलाची वाट बघणारी म्हातारी होती. मी विरोधात होते, पण माझं ऐकतंय कोण!

झालं मात्र उलटंच. ऐकता ऐकता ओब्दुलिया बोलती झाली.

"सोइला, ती म्हातारी पोराला मरू देत नाही आणि स्वतः जगत नाही. माझंही तसंच झालंय का गं?"

"तसंच," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन तिनं रविवारची मिस्सा सांगितली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातला काळ्या घेवड्याचा भात तिनं कित्येक महिन्यांनी मागून खाल्ला. मला रडूच आलं.

बाकीच्यांना दिसले ते फक्त तिचे ओले डोळे. शेवटच्या प्रकरणाआधी सगळ्या एव्हारिस्तोभोवती जमल्या.

"पोरगा मरतो का रे शेवटी?"

"मरतो."

"मग आण परत. तिचा जीव घेतोस का?"

"अहो, पुस्तकात नाही ते कसं वाचू?"

"मग मनानं वाच! मोठा आलाय शहाणा."

आणि त्या मऊ माणसानं वाचलं. पोरगा दारात येऊन आईला हाक मारतो. सगळ्यांनी आनंदानं समोरच्या कामाच्या फळ्यांवर मुठी आपटल्या. ओब्दुलिया मांडीवरची पानं तशीच टाकून उठली आणि पाद्र्याकडे जाऊन मिस्सा रद्द करून आली.

दुसऱ्या दिवशी मी एव्हारिस्तोला फरफटत तिच्या घरी नेलं. त्यानं खरं पान वाचून दाखवलं. म्हातारी मुलाचा सदरा रिकाम्या पेटीत घालून पुरते, घरी येते आणि चूल पेटवते.

ओब्दुलियानं सगळं ऐकून घेतलं.

"काल हेच पुस्तक होतं, हाच आवाज होता. मला अक्षर येत नाही, बाबा. आता मी कुठलं खरं मानू?"

एव्हारिस्तोनं पुस्तक मिटलं. तिनं कालचं धरलं, आणि मरेपर्यंत सोडलं नाही.

तिच्या नावानं मिस्सा झाली त्या दिवशी कारखाना बंद होता. पाद्र्याला आम्ही दोन नावं सांगितली.