चौथा फोन

हृदयविभागाच्या तळमजल्यावर लिफ्टला लागून एक काचेची खिडकी होती आणि खिडकीमागे ताई. सख्खी ताई ती एकाचीच, धाकट्या भावाची. बाकी सगळ्या दवाखान्याची ती मानलेली. डॉक्टर ताई म्हणत, झाडूवाल्या मावशी ताई म्हणत, आणि तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटही काचेला नाक लावून विचारत, "ताई, आमचा नंबर कुठवर आला?"

बाविसाव्या वर्षी ती दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. आवाज असा, की "थांबा, जोडते" म्हटल्यावर चिडलेला माणूसही गुमान थांबायचा. पुढे मशीनच फोन जोडायला लागलं आणि ताईला कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला. ठेवली या खिडकीत. काम एकच, हृदयाची झडप बदलायच्या ऑपरेशनची यादी सांभाळायची. यादीत दोनशेच्या आसपास नावं आणि आठवड्याला ऑपरेशनं चार. हिशेब कुणीही करावा, म्हणजे रांग जवळजवळ वर्षभराची. तोवर माणसानं काय करायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पूर्वी ही यादी म्हणजे नुसता तमाशा होता. कुणा बड्या माणसाची चिठ्ठी आली, की एकशेचाळीसावं नाव तिसऱ्यावर जाऊन बसायचं. ताईला ते सहन होईना. तिनंच अर्ज केला, तिनंच साहेबांच्या मागे लकडा लावला आणि शेवटी नियम झाला. ज्यानं आधी नाव नोंदवलं त्याचा नंबर आधी. ऐनवेळी एखाद्याचं ऑपरेशन रद्द झालं, तर यादीतल्या पहिल्याला अर्ध्या अर्ध्या तासानं तीन फोन करायचे. नाही उचलला, तर जागा पुढच्याला. आणि न उचलणाऱ्याचं नाव यादीच्या तळाला. नियमाचा कागद लॅमिनेट करून खिडकीत टांगला, तेव्हा ताईनं स्वतः तो फडक्यानं पुसला होता. तिला वाटलं, आता कुणावर अन्याय होणार नाही.

पण फोन न उचलणारी माणसं कोण असतात, ते तिला लवकरच कळलं. ज्यांच्या घरात सगळ्यांत मिळून एक फोन असतो, आणि तो कामावर गेलेल्याच्या खिशात असतो, ती. ज्यांना अनोळखी नंबर दिसला की फसवाफसवीची भीती वाटते, ती. मग ताईनं आपली एक युक्ती काढली. नाव नोंदवायला आलेल्याला ती हळूच विचारायची, "तुमचा नाही लागला तर कुठे करू?" आणि तो नंबर कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवायची. शाईनं नाही, कारण नियमात तो बसत नव्हता. तीन फोन दवाखान्याचे आणि चौथा तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून. चौथ्या फोनानं तिनं किती जणांना ओढून आणलं, त्याची गणती नाही. एकाला तर न्हाव्याच्या दुकानात गाठलं. गडी एका गालाला साबण तसाच घेऊन हजर झाला. अख्खा विभाग आठवडाभर हसत होता.

ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगायचा तो धाकटा. तो सुतार. ताईची कार्डं ठेवायची लाकडी पेटीही त्यानंच करून दिली होती, सरकत्या झाकणाची. "आमच्या ताईचा चौथा फोन म्हणजे यमाच्या हातून माणूस काढून घेणं आहे," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

आणि मग त्याचीच झडप बिघडली. सुरुवातीला तो थट्टेवर न्यायचा, "नळाचा वॉशर गेलाय, दुसरं काय!" पण हळूहळू रंधा मारताना धाप लागायला लागली. मग जिना चढताना. मग बोलताना. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. ताईनं त्याचं कार्ड इतरांसारखंच केलं, तारखेनं, यादीच्या शेवटी. त्याच्यापुढे दोनच दिवस आधी एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव होतं. एकटी बाई, पदरात एक शाळेत जाणारी मुलगी.

भावजय सहसा काही बोलायची नाही. एकदा मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, त्या खिडकीत तुम्हीच बसता ना?" एवढंच. तरी ताईनं कार्ड हलवलं नाही. दहा महिने नाही हलवलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तिला नावं ठेवणं फार सोपं आहे.

त्या गुरुवारी सकाळी वॉर्डातून निरोप आला की उद्याच्या पेशंटला ताप भरलाय, ऑपरेशन रद्द. दुसरा पेशंट एक वाजेपर्यंत दाखल व्हायला हवा. ताईनं पेटीचं झाकण सरकवलं. पहिलं कार्ड शिवणवाल्या बाईचं. दुसरं धाकट्याचं.

दहा वाजता फोन केला. बंद. साडेदहाला केला. बंद. मधला अर्धा तास ताई नुसती घड्याळाकडे बघत बसली होती. फोन लागावा असं तिला वाटत होतं, आणि लागू नये असंही वाटत होतं, आणि दुसऱ्या वाटण्याची तिला शरम वाटत होती. अकराला तिसरा. बंद. तिनं वहीत तिन्ही वेळा लिहिल्या, सही केली आणि कार्ड उलटं केलं. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'समोरची पिठाची गिरणी'. खाली नंबर.

त्या कार्डामागे काय लिहिलंय, ते दवाखान्यात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नियम पुरा झाला होता. काल रात्रभर धाकट्याची धाप भिंतीपलीकडून तिच्या कानात होती. तिनं मोबाइल काढला, गिरणीचा नंबर लावला. एकदा वाजला. दोनदा वाजला. आणि ताईनं कापला.

एरवी ती गिरणीवाल्याला पाच मिनिटं वाजवत बसली असती. गिरणी चालू असली की फोन ऐकू येत नाही, एवढं तिला कळत नव्हतं थोडंच?

तिनं घरी फोन केला. "निघा," एवढंच म्हणाली. पाऊण तासानं धाकटा समोरच्या बाकावर येऊन बसला, मांडीवर पिशवी. ओठ निळसर, पण चेहरा हसरा. भावजय फॉर्म भरत होती. तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला.

"हॅलो, या नंबरवरून फोन आला होता," गिरणीवाला मोठ्यानं बोलत होता, गिरणीत बोलायची सवय. "दवाखान्यातला तर नाही ना? समोरच्या शिवणवाल्या बाई सांगून ठेवतात रोज, दवाखान्याचा फोन आला की हाक मारा म्हणून. मारू का हाक?"

ताईनं काचेतून बाहेर बघितलं. धाकट्यानं तिला हात केला.

"नाही," ती म्हणाली. "चुकून लागला."

"बरं बरं, हरकत नाही," गिरणीवाला म्हणाला.

धाकट्याचं ऑपरेशन झालं, छान झालं. आठव्या दिवशी तो आडवा होऊन झोपला आणि भावजय त्याच्या उशाशी बसून रडली. एका दुपारी त्यानं सहज विचारलं, "ताई, माझ्या आधी कुणी होतं का गं?"

"होतं. फोन लागला नाही."

"चौथा केलास ना?"

"केला," ताई म्हणाली. खोटं नव्हतं. तो समाधानानं भिंतीकडे वळला, आणि ताई बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तीन आठवड्यांनी शिवणवाली बाई खिडकीशी आली. दोनच पायऱ्या चढून आली होती तरी बोलायला तिला वेळ लागला. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा सोडलेला.

"ताई, माझा पहिला होता ना नंबर? आता किती?"

ताईनं यादी बघितली, उगाचच. तिला नंबर पाठ होता. "एकशेशहाण्णव."

बाईनं काचेला हात टेकला. मग म्हणाली, "माझंच चुकलं. फोन दुरुस्तीला दिला होता त्या दिवशी. नाहीतर मी गिरणीवाल्याला रोज सांगते हो. त्याला त्या दिवशी एक फोन आला होता म्हणे, पण तो कुणाचा तरी चुकून लागलेला." आणि वर ताईचीच समजूत काढली, "तुम्ही तरी किती जणांना शोधणार!"

ताई खुर्चीवरून उठली. "बसा इथे. मी आले," म्हणाली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली. साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली.

"त्या बाईंना परत वर घ्या, साहेब."

"कसं घेणार? मधल्या एकशेपंचाण्णव जणांना काय सांगू? ताई, हा नियम तुम्हीच मागून घेतलात."

"चूक माझी आहे. मी चौथा फोन नीट केला नाही. दोनदा वाजू दिला आणि कापला. त्यांच्या समोरच्या गिरणीवाल्यानं उलट फोन केला, तर चुकून लागला म्हणून सांगितलं. पुढचं नाव माझ्या भावाचं होतं."

साहेबांनी वही मागवली. तिन्ही वेळा बघितल्या, सही बघितली. "तीन फोन वेळेवर झालेत. जागा नियमानं तुमच्या भावाचीच होती. चौथा फोन नियमात कुठे आहे?"

"नाही."

"मग जो नियमात नाही, तो न केल्याबद्दल मी तुमच्यावर काय लिहू? आणि त्यावर त्यांना कुठल्या आधारानं वर घेऊ?" त्यांनी वही मिटली. आवाज खाली आणून म्हणाले, "खरं तर ते पेन्सिलीचे नंबर आता बंद करा. ज्याच्या घरासमोर गिरणी नाही, त्यानं काय करायचं? त्याला कोण हाक मारणार?"

त्यातही काही चूक नव्हती. मेमो दिला असता, बदली केली असती, निदान चार शब्द तोडून बोलले असते, तरी तिला बरं वाटलं असतं. साहेबांनी तिच्यासाठी पाणी मागवलं. ते तिनं प्यायलं आणि बाहेर आली.

बाई अजून बाकावर बसली होती. ताईला बघून उठायला लागली, तर ताईच धावत तिच्यापाशी गेली.

"नाही जमलं," ताई म्हणाली.

"राहू द्या. तुम्ही माझ्यासाठी विचारलंत, हेच खूप झालं." बाईनं पिशवीतून चुरगळलेला कागद काढला. "एवढं करा. हा शाळेच्या ऑफिसचा नंबर, मुलीच्या. आणि हा शेजारणीचा. गिरणी कधी कधी बंद असते. पेन्सिल आहे ना तुमच्याकडे?"

ताईनं पेटीचं झाकण सरकवलं, तळाकडचं तिचं कार्ड काढलं आणि बाई एकेक आकडा सांगत गेली तसे दोन्ही नंबर लिहून घेतले.