खुंटीला बांधलेली दोरी

तिसरीत शाळा सुटलेला माणूस मी. पण शीड कसं लावायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोडोलीकडं वारणेवर माझी नाव चालायची. पूल झाला तशी ती काठावर कुजली आणि मी कोल्हापुरात रंकाळ्यावर आलो. तिथं शिडाच्या होड्या होत्या, दोघांनी उचलाव्यात इतक्या हलक्या. त्या सांभाळायचं काम मला मिळालं. पुढं शिकवणारे साहेब बदलून गेले आणि वेगाच्या चाचणीसाठी नवी जोडी तयार करायचं माझ्याकडं आलं. मी छाती पुढं काढून हो म्हणालो.

जोडीत दोन पोरी. एक गावातलीच, तोंडाळ. दुसरी चंदगडची, वसतिगृहात राहणारी. ही बोलायची कमी, पण वारा तिला कळायचा. त्या सालानंतर तिचं वय बसणार नव्हतं. चाचणीत पहिलं आलं तर राज्याच्या संघात, आणि त्या जोरावर खेळाडूंच्या जागेतून पोलिसात. नाहीतर घरच्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, शिडाला ठिगळ लावताना.

शीड आवळायला एक दोरी असते. वारणेवर आम्ही ती ओढून खुंटीला पक्की बांधायचो. हात मोकळे राहायचे, आणि नाव एवढी जड की वाऱ्याला दाद द्यायची नाही. मी पोरींना तेच शिकवलं. चंदगडची म्हणाली, आधीचे साहेब दोरी हातातच धरायला सांगायचे, झोत आला की सोडता येते.

"मग साहेबांकडंच जा की," मी म्हणालो. "हात दुखत्यात म्हणून सांग. साहेबाचं नाव कशाला घेतीस?"

गावातली हसली. "मामा, ही चंदगडची हाय. तिकडं पावसाळ्यात छपरंबी दोरी धरून सांभाळत्यात."

तीही हसली आणि दोरी खुंटीला गुंडाळायला लागली. महिनाभर मी तिच्याकडून ती गाठ बांधून घेतली. सैल वाटली की सोडायला लावायची, परत बांधायला लावायची. बोटं सोलली तिची. पण होडी पळायची खरी. मला वाटायचं, बघू देत सगळ्यांना, न शिकलेला माणूस काय करू शकतो ते.

चाचणी सकाळची होती. पाण्यात दोन पिंपं सोडलेली, त्यांच्यामधलं अंतर घड्याळ लावून कापायचं. पहिल्या फेरीत आमची होडी सगळ्यांच्या पुढं. दुसऱ्या फेरीत पन्हाळ्याच्या अंगानं एकदम झोत आला. बाकीच्यांनी दोऱ्या सोडल्या, त्यांची शिडं फडफडली. आमचं ताठच. चंदगडची खुंटीवर वाकलेली मला काठावरनं दिसली. गाठ भिजून आवळली होती, ती सुटली नाही. होडी आडवी झाली, शीड पाण्यावर पसरलं. गावातली वर आली. दुसरी शिडाखाली, केंदाळाच्या पाणवेलीत. माणसं तिला बाहेर काढेपर्यंत मी नुसता उभा होतो. जिवंत निघाली. उजवं मनगट दोरीत अडकून मोडलं होतं.

परीक्षकांनी विचारलं, दोरी खुंटीला बांधायचं शहाणपण कुणाचं? माझ्याकडंच बघत होते.

"पोरींनीच बांधली," मी म्हणालो.

तसं खोटं नव्हतं, गाठ त्यांच्याच हातची. गावातली काहीतरी बोलणार होती, तर चंदगडच्या पोरीनं डाव्या हातानं तिचा दंड धरला. रिक्षात बसताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बेजबाबदार म्हणून जोडी बाद झाली. मला मात्र पुढच्या पोरांसाठी ठेवून घेतलं. त्यांना मी दोरी हातात धरायला शिकवली. कारण कुणी विचारलं नाही.

आठ दिवसांनी तिचा बाप एसटीनं आला, वसतिगृहातली ट्रंक न्यायला. ती घेऊन तसाच रंकाळ्यावर आला, टोपी काढून माझ्यापुढं उभा राहिला.

"पावणं, पोरगी कायबी बोलत न्हाय. तुमी शिकवलंसा, तुमालाच ठावं. चूक तिची हुती व्हय?"

"वारा वाईट हुता," मी म्हणालो.

"म्हंजे तिची न्हाय."

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तो जरा थांबला, मी आणखी काही सांगीन म्हणून. मग ट्रंक खांद्यावर घेऊन स्टँडच्या रस्त्याला लागला. म्हातारा हळू चालत होता. हाक मारली असती तर बराच वेळ त्याला ऐकू गेली असती. मी मारली नाही.