पालक नावाची यादी

आमचे बाबा प्रोग्रामर. व्याख्या सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. "इंटरफेस म्हणजे काय काय करता आलं पाहिजे याची नुसती यादी," हे मी दूध पिताना इतक्यांदा ऐकलं की मला दूधच नकोसं झालं. "ते काम कसं करायचं, त्यासाठी काय लक्षात ठेवायचं, हे क्लासमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोडमध्ये, लिहायचं. यादीतलं सगळं करणारा कुठलाही क्लास चालतो!"

मी चौथीत असताना सहलीआधी शाळेने पालकांना बोलावलं. सहल तळ्यावर, नावेतून फेरी. मला जायचंच होतं. आईची दवाखान्यात ड्यूटी, बाबांची मीटिंग. बाबांनी शांतपणे कागद घेतला, वर 'पालक' लिहिलं, खाली तीन कामं: वेळेवर पोचणे, मान डोलावणे, सही करणे. तो कागद त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सुतारकाकांना दिला.

"अहो, पण मी हिचा बाप नाही."

"यादीत तसं कुठे म्हटलंय?" म्हणत बाबा पसार झाले.

सुतारकाका वेळेवर पोचले. मान अशी डोलावली की कानावरची पेन्सिल पडली. सही करणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "हिला पाण्याची भीती वाटते का? ते कळल्याशिवाय मी हिला नेणार नाही."

काकांनी कागद उलटासुलटा पाहिला आणि स्पीकरवर बाबांना फोन लावला.

"पाण्याची भीती?" बाबा अडखळले. "थांबा, बघून सांगतो."

कुठे बघणार होते, देव जाणे!

शेवटी काकाच म्हणाले, "वाटते, बाई. मी गच्चीवरच्या टाकीला झाकण बसवत होतो, तर ही चार हात लांब. माझी बाही धरून मग आली पुढे. कोणी शेजारी बसलं तर जमेल."

बाईंनी माझं नाव लिहिलं, पुढे 'सोबत मोठं माणूस' लिहिलं. इतक्यात मीटिंग अर्धी टाकून बाबा धापा टाकत हजर.

"मी पालक!"

"पालक तर हे बसलेत," बाई चक्रावल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नावेत तुझ्याशेजारी कोण हवं गं?"

मी सरळ सुतारकाकांकडे बोट दाखवलं. राग आला होता मला.

बाबांनी वाद घातला नाही. माझ्या बाकड्यावर गुडघे दुमडून कसेबसे बसले आणि हळूच म्हणाले, "आणखी कशाकशाची भीती वाटते तुला?"

मी अंधारापासून सुरुवात केली.